तांबडीचं दुसरं बाळंतपण

प्राणिसंग्रहालयाच्या कपिघरात काम करणाऱ्या बाईंना सगळे 'माकडमावशी' म्हणायचे आणि त्या नावाचा त्यांना मनापासून राग यायचा. मावशी म्हटल्याचा नव्हे, माकड म्हटल्याचा. कुणी काचेला नाक लावून "ते बघ केवढं माकड!" म्हणालं, की हातातला झाडू भिंतीला टेकवून मावशी पुढे यायच्या.

"शेपूट दिसतंय का कुठे? नीट बघा, मागूनही बघा. शेपूट असतं ते माकड. ही ओरांगउटान. कपी आहे ती. तुमच्या-आमच्या चुलत घराण्यातली."

आणि तो माणूस ओशाळून काढता पाय घ्यायच्या आत त्याला बाकीचं घराणं दाखवायला घेऊन जायच्या. मुठीत मावतील एवढे मार्मोसेट, ज्यांच्यात जुळी पोरं बाप पाठीवर घेऊन हिंडतो. ("बघून ठेवा जरा," हे वाक्य त्या खास नवरेमंडळींसाठी राखून ठेवायच्या.) सकाळच्या उन्हाकडे पोट करून, हात पसरून बसणारे पट्टेरी शेपटाचे लेमूर. एक पाऊल उचलायला सकाळ घालवणारा, मोठ्या डोळ्यांचा लोरिस. रोज उजाडल्यावर नवराबायकोनं मिळून गळा काढणारं गिबनचं जोडपं, ज्यांच्यामुळे आसपासच्या वस्तीत कुणाला घड्याळाचा गजर लावावा लागत नसे. "जगात या घराण्याच्या पाचशेच्या वर जाती आहेत," मावशी सांगायच्या, "आणि निम्म्याहून जास्त संपायच्या वाटेवर आहेत. आपल्या कृपेनं." हे शेवटचं त्या आवाज न चढवता म्हणायच्या, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते जास्त लागायचं.

मावशी इथे आल्या त्या फळं चिरायला. लग्नानंतर दोनच वर्षांनी त्यांना कपिघराच्या मुदपाकखान्यात काम मिळालं. रताळी उकडायची, भाज्या धुवायच्या, कुणाला काय द्यायचं ते टोपल्यांत भरायचं. घरी नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं. चार खुर्च्या, भिंतभर आरसा आणि गिऱ्हाइकापेक्षा मालकाचीच जास्त चालणारी जीभ. बायको संध्याकाळी घरी आली की तो विचारायचा, "काय, आज किती गिऱ्हाइकं झाली? माझ्याकडे आठ आली. त्यांतली तीन टकली."

मग एक दिवस बंदरावर एक लाकडी खोकं पकडलं गेलं. वर लिहिलं होतं खेळणी, आत होतं ओरांगउटानचं पिल्लू. दूरच्या बेटावरच्या जंगलातून चोरून आणलेलं. अशी पिल्लं आईला मारल्याशिवाय हाती येत नाहीत, कारण जिवंत आई पिल्लू सोडत नाही. खोकं उघडलं तेव्हा त्यातल्या जिवाचे तांबूस केस विजेचा झटका बसल्यासारखे उभे होते आणि ते स्वतःलाच मिठी मारून बसलं होतं. पिल्लू कपिघरात आणलं, पण ते कुणाकडेच जाईना. ते गेलं फळं चिरणाऱ्या बाईकडे. गेलं ते असं चिकटलं की मावशींनी पुढचे कित्येक महिने त्याला छातीशी बांधूनच कामं केली. बाटलीनं दूध पाजलं, दोऱ्यांवर चढायला शिकवलं, फांद्या मोडून झोपायचा माचा कसा रचतात ते स्वतः फांद्या मोडून दाखवलं. माचा काही मावशींना जमला नाही. तांबडीला मात्र जमला. तांबडी हे नाव मावशींनीच ठेवलं होतं, आणि त्या दिवसापासून मुदपाकखाना सुटला तो सुटलाच.

तांबडी मोठी झाली. शेजारच्या दालनात एक नर आणला गेला. थाळ्यांसारखे रुंद गाल, पाठीवर झुलणारे लांब केस आणि सगळं जग आपल्या सारावसुलीत असल्यासारखी चाल. त्याला जहागीरदार म्हणत. यथावकाश तांबडीला दिवस गेले आणि बाळ झालं. मावशी पेढे वाटायच्याच बाकी होत्या. पण तांबडीनं त्या ओल्या, हलणाऱ्या गोळ्याकडे पाहिलं, घाबरून मागे सरली, पुन्हा आली, त्याला एका पायानं उचलून डोक्यावर ठेवलं, खाली ठेवलं आणि कोपऱ्यात जाऊन तोंडावर पोतं ओढून बसली. पिल्लाला बाहेर काढून उबेच्या पेटीत ठेवावं लागलं. ते जगलं नाही.

प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरीणबाई त्या वेळी मावशींना म्हणाल्या, "तिचा दोष नाही, मावशी. जंगलात पोरगी सात-आठ वर्षं आईच्या अंगाखांद्यावर असते. आईला पुढचं मूल झालं की ते कसं धरायचं, कसं पाजायचं, हे जवळ बसून बघते. हिनं कुणाला बघितलं? बाटलीला."

मावशींना ते पटलं आणि त्यामुळेच जास्त जड गेलं.

काही वर्षं गेली. मावशींचा मुलगा जहाजावर नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, आणि सून घरी आली. सून औषधांच्या दुकानात कामाला होती. बोलायला मोजकी, कामाला चटपटीत, आणि सासूच्या बाबतीत थोडी अंतर राखून. नवरा सहा-सहा महिने समुद्रावर, सासू दिवसभर कपिघरात. घरात बोलायला एकटे सासरे, आणि ते तर थांबायचेच नाहीत. एकदा जेवताना ती सहज म्हणाली होती, "आई, तांबडीनं आज काय खाल्लं ते तुम्हाला पाठ असतं. मला विचारलंत का कधी?" म्हणाली हसून, पण मावशींनी हातातला घास परत ताटात ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मावशी सुनेच्या दुकानात गेल्या. सुनेला तेव्हा पाचवा महिना होता. मावशींनी काउंटरवर वाकून हळूच सांगितलं, "दिवस गेलेत का ते बघायची पट्टी दे गं एक."

दुकानाच्या मालकानं चष्म्यावरून पाहिलं. सुनेनंही पाहिलं. मावशींचे केस अर्धे पांढरे झाले होते.

"आई, कुणासाठी?"

"तांबडीसाठी. तीच पट्टी चालते. माणसाचीच."

सून इतकी हसली की तिला स्टूलवर बसावं लागलं. पट्टीवर दोन रेघा आल्या, त्याची बातमी मावशींनी डॉक्टरीणबाईंच्या खालोखाल सुनेलाच सांगितली. मग घरात दोन गर्भारपणांच्या चर्चा एकदम सुरू झाल्या. सासरे दुकानात सांगत सुटले, "आमच्याकडे दोघी आहेत. एकीला आंबट लागतं, दुसरीला कोवळी पानं."

सुनेला मुलगी झाली. बाळ गोड, पण दूध प्यायला तयार नाही. तोंड लावायचं, सुटायचं, रडायचं. सूनही रडायची. पहिले दिवस तिच्या मनात सारखं एकच चालू असायचं, की सगळ्या जगाला जे येतं ते मलाच का येत नाही. दवाखान्यातली एक वयस्क नर्स घरी आली, शेजारी बसली, बाळाची मान कशी धरायची, पाठ कुठे टेकवायची, हे हाताला धरून दाखवलं. दोन दिवस तिनं बाळाला वळवलं, सुनेला वळवलं, आणि मग जमलं. मावशी दारातून हे बघत होत्या. त्यांच्या मनात काहीतरी हललं, पण काय ते त्यांनाही नीट कळलं नाही.

ते कळलं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत. तांबडीचे दिवस भरत आले होते. पेटी, बाटल्या, दुधाची पावडर यांची तयारी चालू होती. मावशींनी एक कापडी बाहुली तांबडीला देऊन बघितली होती. तिनं तिची टोपी करून डोक्यावर घातली.

"एक गोष्ट करून बघता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसऱ्या काही ठिकाणी केलीय लोकांनी. अंगावर पाजणारी बाई काचेसमोर बसते, रोज. बाळाला घेते, पाजते, थोपटते. कपिणीला दिसेल असं. दरवेळी लागू पडतंच असं नाही. पण तांबडी माणसांत वाढलीय, माणसाकडून शिकायची तिला सवय आहे."

"मी सांगते ना तिला. आत जाऊन दाखवते. माझं ऐकेल ती."

"आत कुणी जाणार नाही, मावशी. ती आता मोठी आहे, आणि बाळंतपणात कुणाचीच कुणी नसते. आणि तुम्ही दाखवणार काय? बाटलीच ना?"

मावशींनी बाटल्यांच्या रांगेकडे पाहिलं. म्हणणं खरं होतं.

अंगावर पाजणारी बाई त्यांच्या घरातच होती. पण विचारायचं कसं? ज्या सुनेला आपण धड वेळ दिला नाही, तिला सांगायचं की पोर घेऊन एका कपिणीसमोर बस? मावशींनी ठरवलं, नाही विचारायचं. फक्त नवऱ्याजवळ बोलल्या. म्हणजे दवंडीच पिटली. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, हे बाबांकडून कळायचं का मला?"

"अगं, मला वाटलं तुला आवडायचं नाही. लोक येतात-जातात तिथे..."

"लोकांचं बघता येईल, पडदे लावा. मला राग कशाचा आलाय, तुम्ही मला विचारलंच नाही त्याचा." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मला तरी कुठे येत होतं? नर्सताई आल्या नसत्या तर मीही तोंडावर पांघरूण ओढून बसले असते कोपऱ्यात. तांबडीसारखी."

मावशींनी उठून सुनेच्या कपात पुन्हा चहा ओतला, भरलेल्या कपातच, आणि तो बशीत सांडला.

दुसऱ्या दिवसापासून कपिघराच्या मागच्या काचेसमोर एक खुर्ची आली. पाहुण्यांच्या बाजूला जाड पडदा लावला. सून दुकानातून अर्ध्या दिवसानं सुटायची, सासऱ्यांच्या दुकानातून बाळ उचलायची (तिथे ते टोपलीत झोपलेलं असायचं आणि वाट बघणारी गिऱ्हाइकं पाळीपाळीनं टोपली हलवायची) आणि कपिघरात यायची.

पहिल्या दिवशी तांबडीनं तिच्याकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशीही. सून म्हणाली, "बाईसाहेब रुसल्यात," आणि तिनं बाळाला घेतलं. पण ती नुसती पाजत नव्हती, बोलतही होती. "हे बघ, मान अशी धरायची. नाक मोकळं राहायला हवं. उपाशी पोर रागावतं, आपण रागवायचं नाही." हळूहळू तांबडी बाजूनं बघायला लागली, मग समोरून. मग एक दिवस ती काचेला अगदी चिकटून बसली आणि दूध पिणाऱ्या बाळाच्या गालांकडे, वरखाली होणाऱ्या त्या इवल्या गालांकडे, डोळे न हलवता बघत राहिली. सुनेनं बाळाला समोरच्या गादीवर ठेवून पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. तांबडीनं हात पुढे करून काचेवर बोट टेकवलं, नेमकं बाळाच्या टाळूसमोर.

मावशी मागे उभ्या होत्या. आपण जिला वाढवलं ती तांबडी आणि आपल्याला नीट ओळखू न आलेली सून, दोघी एकमेकींशी बोलत होत्या आणि मधे मावशींची कुणाला गरज नव्हती. त्यांना वाटलं होतं की हे बघून पोटात दुखेल. दुखलं नाही. ऊर भरून आला.

तांबडी प्रसूत झाली ती ऐन दुपारी. कळा सुरू झाल्याचं मावशींनी ओळखलं, डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाळ झालं, आणि सगळं मागच्यासारखंच सुरू झालं. तांबडीनं त्याला पुसलं, हुंगलं, पेंढ्यावर ठेवलं. ती मागे सरली. कोपऱ्यात गेली. पेंढ्यावर तो छोटा जीव हवेत मुठी मारत होता, धरायला केस शोधत होता.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले. "मावशी, फार वेळ नाही थांबता येणार. थंड पडेल ते."

"माझ्या सुनेला येऊ द्या. तेवढंच."

"फोन करा. पण मला योग्य वाटलं की मी आत माणसं पाठवणार."

"तुम्ही म्हणाल तेव्हा," मावशी म्हणाल्या, आणि फोन लावला.

सून औषधांच्या दुकानातला पांढरा डगला न काढताच सासऱ्यांच्या दुकानाकडे धावली. सासरे एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. तिचा निरोप ऐकताच त्यांनी वस्तरा ठेवला, टोपली सुनेच्या हातात दिली आणि स्कूटर काढली. गिऱ्हाईक एका गालावर फेस घेऊन दुकानाच्या दारापर्यंत आलं आणि ओरडलं, "अहो, माझं काय?"

"आमच्याकडे बाळंतपण आहे!" सासरे ओरडले आणि गेले.

सून आली ती थेट खुर्चीवर बसली. धाप लागलेली, पण आवाज रोजचाच. "काय गं? घाबरलीस? मीही घाबरले होते." तिनं आपलं बाळ समोरच्या गादीवर ठेवलं. तांबडीनं मान उचलली. सुनेनं बाळाच्या मानेखाली हात घातला, सावकाश उचललं, छातीशी धरलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा उचललं.

तांबडी कोपऱ्यातून उठली. पेंढ्याजवळ आली. तिनं आपलं पिल्लू उचललं ते उलटं, डोकं खाली. पिल्लू किंचाळलं. डॉक्टरीणबाई दाराकडे वळल्या. काचेपलीकडे सुनेनं आपलं बाळ हळूच फिरवलं, तांबडीला दिसेल असं, डोकं वर. "अशी. अशी बघ."

तांबडीनं काचेकडे बघितलं, हातातल्या पिल्लाकडे बघितलं. आणि त्याला फिरवलं.

पिल्लाच्या मुठीत केस आले. मुठी मिटल्या त्या मिटल्याच. तांबडीनं एक हात त्याच्या पाठीवर ठेवला, आधी बोटांनी, मग सगळा तळवा. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि खिशात कोंबले. सासरे बाहेर पडद्याआडून दर मिनिटाला विचारत होते, "झालं का? काय झालं?" आणि त्यांना उत्तर द्यायचं भान कुणालाच नव्हतं.

दूध प्यायला पिल्लाला संध्याकाळ झाली. तोवर सून तिथून हलली नाही. आपल्या बाळाला पाजलं, झोपवलं, उठलं तेव्हा पुन्हा पाजलं. तांबडीनं पिल्लू वर सरकवलं, खाली सरकवलं, आणि शेवटी त्याचं तोंड जागेवर लागलं. इवले गाल वरखाली व्हायला लागले. डॉक्टरीणबाईंनी मावशींचा हात धरला तेव्हा मावशींना कळलं की आपण रडतोय.

"मावशी, पितंय हे. जगणार."

"सुनेचं आहे ते," मावशी म्हणाल्या. "माझ्या सुनेनं केलंय."

पिल्लू मादी होतं आणि जगलं. ओरांगउटानच्या मादीला सात-आठ वर्षांत एकदा मूल होतं, त्यांची जंगलं पामतेलाच्या झाडांसाठी कापली जातायत, उरलेत ते झपाट्यानं कमी होतायत. अशा वेळी आईनं स्वतः वाढवलेली एक मादी म्हणजे पुढच्या बाळंतपणाला बाटली नको, पेटी नको. ही मोठी होईल तेव्हा तिनं आईला बघितलेलं असेल. डॉक्टरीणबाईंनी ही हकीकत दुसऱ्या शहरांतल्या आपल्या व्यवसायबंधूंना कळवली, आणि त्यात सुनेचं नाव मावशींच्या नावाच्या आधी घातलं. मावशींनीच तसं सांगितलं होतं.

पुढच्या वर्षी एका दूरच्या प्राणिसंग्रहालयातून बोलावणं आलं. तिथल्या गोरिलिणीचं पहिलंच बाळंतपण होतं, तीही तांबडीसारखी बाटलीवर वाढलेली होती, आणि समोर बसायला एक बाई तयार झाली होती पण घाबरत होती. तिच्याजवळ दोन दिवस कुणी बसेल का? सून आधी नाही म्हणाली. बोलणं आपलं काम नाही, म्हणाली. मग एकटीच खोलीत बसून विचार केला आणि बॅग भरायला घेतली.

तिला पोचवायला मावशी आणि त्यांचे यजमान बसच्या थांब्यावर गेले. सुनेच्या कडेवर मुलगी होती, आता चालायला शिकलेली आणि म्हणून कडेवर बसायला तयार नसलेली. मावशींनी डबा दिला, पाण्याची बाटली दिली, तिकडे उतरल्यावर काय करायचं ते तीन वेळा सांगितलं.

"आई, मी जाते आहे ती शिकवायला. तुम्ही मला शाळेत घातल्यासारखं करताय."

"बरं बाई. पण जेवलीस का, तेवढं फोनवर सांग रोज. तिथल्या गोरिलिणीनं काय खाल्लं ते नंतर."

सून हसली आणि वर चढली. बस निघाली. शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंनी सहज विचारलं, "मुलगी का?"

"सून," मावशी म्हणाल्या, आणि पिशवी खांद्यावर नीट करून त्या बाईंच्या जवळ सरकल्या. "तुमची बस यायला वेळ आहे ना? मग ऐका."

यजमानांनी कपाळाला हात लावला, पण निघायची घाई त्यांनीही केली नाही.